यंत्राची साक्ष

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी शेंगा निवडत होते. म्हणाले, "मावशी, विद्यापीठातल्या एआयच्या खोलीत तुम्ही काम केलंत, त्याचे अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, देते. मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "पण स्वतःच लिहाल ना? राग मानू नका, हल्ली कोण काय पाठवतं ते कळत नाही."

राग मानला नाही. उत्तरही दिलं नाही. त्या प्रश्नाला हो म्हणायला काही लागत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

माझं शिक्षण चौथी. गाव अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, घरात कानडी, शाळा मराठी. नवरा विद्यापीठात शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. पहिली बरीच वर्षं ग्रंथालयात काढली, तिथं वाचायची सवय लागली. विद्यापीठ कुठलं ते लिहिणार नाही. सोलापूरच्या आसपास आता एकापेक्षा जास्त आहेत, ज्याला त्याला आपलं वाटू दे.

निवृत्त झाले तरी पुन्हा कंत्राटावर बोलावलं, कारण नवीन कक्ष निघाला होता. दारावर पाटी, 'एआय साहाय्य कक्ष'. पूर्वी तिथं झेरॉक्सची मशिनं होती. ती हलवली, भिंतींना रंग दिला, चार संगणक मांडले आणि रेवती मॅडमना नेमलं. रेवती मॅडम माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या, पुण्यात शिकलेल्या. त्याही कंत्राटीच. प्राध्यापकांना आणि कचेरीतल्या लोकांना एआय वापरायला शिकवायचं, अडलं तर मदत करायची, हे त्यांचं काम. माझं काम खोली उघडायची, झाडायची, आलेल्याला नंबराप्रमाणे बसवायचं, आणि गेलेल्याचं खातं उघडं राहिलं असेल तर मॅडमना सांगायचं. छापून निघालेले कागद लोक तिथंच टाकून जायचे. ते मी फाडायची.

पहिल्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "हे यंत्र करतं काय?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, त्यानं लई वाचलंय. वाचून वाचून कुठल्या शब्दापुढं कुठला शब्द येतो ते त्याला जमतं. पण लिहिलेलं खरंच आहे हे त्याला माहीत असतं असं नाही. आणि समोरच्याला बरं वाटेल असं बोलायची त्याला सवय आहे."

"मग आमच्या शिपायांतलाच हाय की तो," मी म्हटलं.

मॅडम हसल्या. मी हसण्यासाठी बोलले नव्हते. माझा बाप पाटलाच्या शेतावर होता. त्यानं आम्हाला शिकवलं होतं, मोठ्या माणसानं काही विचारलं की आधी 'हौद्री' म्हणायचं. म्हणजे होय जी. मग प्रश्न काय होता त्याचा विचार करायचा. नोकरीत मी तेच केलं. 'मावशी, खिडकी तुम्हीच उघडी ठेवली ना?' 'होय साहेब.' खिडकी वाऱ्यानं उघडलेली असायची, पण होय म्हटलं की साहेब पुढं जातो आणि आपण सुटतो.

यंत्राला आमची बोली कळते का ते मॅडमना बघायचं होतं. त्यांनी माझ्यासमोर माइक धरला. म्हणाल्या, घरी बोलता तसं बोला. मी विचारलं, "आमच्या हितं नळाला पानी कवा येनार?" सोलापुरात दुसरं विचारायचं तरी काय. यंत्रानं गोड आवाजात सांगितलं, आपल्या भागात उद्या सकाळी पाणीपुरवठा होईल. मॅडम खूश झाल्या, बोली कळली म्हणून. मी पहाटे उठून घागरी लावल्या. पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्याला वेळापत्रक कुठं माहीत आहे?" मी म्हटलं, "माहीत न्हाय तर न्हाय म्हनायचं. तोंड का उघडलं?" त्या दिवसापासून माझं मन त्याच्यावरनं उडालं ते उडालंच.

खोलीत येणारे लोक दोन तऱ्हेचे. कचेरीतले सरळ येत. प्राध्यापक सरळ येत नसत. एक येऊन पंखा नीट फिरतो का ते बघायचे. एक दारात उभं राहून फोनवर बोलल्यासारखं करायचे, आत कोणी नाही अशी खात्री झाली की शिरायचे. सगळ्यांना वाटायचं, आपण आलेलं कोणाला कळू नये आणि दुसरा आला होता का ते मात्र आपल्याला कळावं. "मावशी, ते आमचे शेजारचे येतात का हो इकडं?" मी म्हणायची, "मला चेहरे लक्षात राहत न्हाईत." सगळ्यांचे चेहरे लक्षात होते.

रेवती मॅडम प्रत्येकाला तेच सांगायच्या. कोणासाठी लिहायचंय ते आधी त्याला सांगा. विद्यार्थ्यांची नावं, गुण, फोन नंबर त्यात घालू नका. आणि लिहून आलं की त्यातलं प्रत्येक नाव, प्रत्येक पुस्तक स्वतः तपासा. पहिल्या दोन गोष्टी लोक ऐकायचे. तिसरी ऐकायला कोणाला वेळ नसायचा.

एका विभागात मोठा कार्यक्रम होता. पाहुण्यांचा परिचय यंत्राकडून लिहून घेतला. यंत्रानं पाहुण्यांना एक राष्ट्रीय पुरस्कार देऊन टाकला. तो त्यांना कधी मिळालेलाच नव्हता. स्टेजवर वाचला गेला. मी पाणी ठेवायला बाजूला उभी होते. मला वाटलं, आता हे गृहस्थ उठून म्हणतील की असं काही नाही. त्यांनी हात जोडले, मान खाली घातली आणि टाळ्या घेतल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात त्यांच्याच तोंडून तो पुरस्कार ऐकला, असं मॅडम सांगत होत्या. यंत्र एकदाच खोटं बोललं, पुढचं माणसानं सांभाळलं.

आस्थापना विभागात एक भाऊसाहेब होते. जन्म कचेरीत गेलेला. यंत्राला लिहिताना 'महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर' अशी सुरुवात करायचे आणि शेवटी 'आपला विश्वासू' लिहून आपलं नाव घालायचे. मॅडम म्हणाल्या, नुसतं काम सांगितलं तरी चालतं. ते म्हणाले, "असू द्या. पुढं कोणाकडं जात असेल काय माहीत." एका रखवालदाराची रजा नाकारायची होती. आमच्या कचेरीची पद्धत दोन शब्दांची, 'रजा नामंजूर'. भाऊसाहेबांनी ते यंत्राकडून लिहून घेतलं. यंत्रानं पान भरून लिहिलं. आपल्या भावना आम्ही समजतो, कुटुंबासोबतचा वेळ मोलाचा असतो, आपल्या सेवेचा आम्हाला अभिमान आहे, आणि खाली कुठंतरी, सध्या शक्य होईलसे वाटत नाही. रखवालदारानं पहिल्या चार ओळी वाचल्या, साहेबांनी एवढं प्रेमानं कधी लिहिलं नव्हतं, त्याला वाटलं रजा मिळाली. बायकापोरं घेऊन तिरुपतीला गेला. गेटला कोणी नाही. परत आल्यावर नोटीस मिळाली. ती मात्र भाऊसाहेबांनी हातानं लिहिली होती, दोन ओळींत.

या गमतीच्या गोष्टी. पद्मा मॅडमची गमतीची नाही. तीच लिहायला बसले आहे.

पद्मा मॅडम भवानी पेठेतल्या. तेलुगू घर, आजोबा मागावर कापड विणणारे, आई विड्या वळणारी. समाजशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवायच्या, म्हणजे वर्षावर्षाची नेमणूक, पुढच्या वर्षी घेतील की नाही ते विभागप्रमुखांच्या हातात. त्यांचा पीएचडीचा प्रबंध होत आला होता, विडी वळणाऱ्या बायकांवर. मराठीत लिहिलेला. बोलताना त्यांची मराठी अडखळायची. 'ती पुस्तक' म्हणायच्या, 'माझा आई' म्हणायच्या. पोरं मागे हसायची.

त्या खोलीत फार यायच्या आणि कोपऱ्यातला संगणक धरायच्या. मी चहा घेऊन गेले की स्क्रीन खाली करायच्या. सगळेच लपवतात, पण यांच्या लपवण्यात घाम होता. मला संशय आला. मला तसा सगळ्यांचाच येतो.

बिराजदार सर विभागप्रमुख. आमच्याच बाजूचे. विद्यापीठात माझ्याशी कानडी बोलणारा तो एकच मोठा माणूस. "हेंग इद्दीर्री मावशी?" म्हणून कशा आहात विचारायचे, आणि मला ते बरं वाटायचं, खोटं का सांगू.

रेवती मॅडम पुण्याला गेल्या होत्या त्या दिवशी सर आले. हातात पद्मा मॅडमच्या प्रबंधाचं एक प्रकरण आणि पेन ड्राइव्ह. म्हणाले, "मावशी, खोली उघडा, आणि इथंच थांबा. मला साक्षीदार पाहिजे."

"कशाला साक्षीदार?"

"ही मुलगी दोन वाक्यं धड बोलत नाही, आणि लिहिलंय बघा कसं. एक चूक नाही. हे तिचं असेल?"

मी म्हटलं, "खोलीत तर लई येतात त्या." एवढं मी बोलले. विचारलं नव्हतं, तरी बोलले.

सरांनी त्या प्रकरणाची काही पानं यंत्रात टाकली आणि खाली लिहिलं. लिहिताना मोठ्यानं म्हणाले, मला ऐकू यावं म्हणून. "खरं सांग. हे तूच लिहिलं आहेस ना?"

यंत्रानं लगेच उत्तर दिलं. सरांनी आवाज चालू केला होता. ते म्हणालं, "होय, हा मजकूर मीच तयार केला आहे." मग, आणखी काही सुधारणा हव्या आहेत का, असंही विचारलं.

सर माझ्याकडं वळले. "ऐकलंत?"

"ऐकलं."

आणि मला ते खरं वाटलं. पाण्याचं खोटं बोललेलं यंत्र, त्याच्यावर मी विश्वास ठेवला, कारण माझ्या मनात आधीच जे होतं तेच ते बोललं.

सरांनी ती पानंही मला वाचून दाखवली, बघा ही भाषा, म्हणून. कारखान्यात विड्या जमा करायला गेलेल्या बाईबद्दल होतं. विडी तपासणारा माणूस तिची जुडी उचलतो आणि म्हणतो, ही वाईट आहे ना? बाई म्हणते, होय साहेब. तो जुडी मोडून फेकतो. बाईला ठाऊक असतं की विडी चांगली होती. मी ऐकलं, पण तेव्हा माझं लक्ष सरांच्या चेहऱ्याकडं होतं.

तक्रार गेली. समिती बसली. प्रबंध रद्द होणार आणि पुढच्या वर्षीची नेमणूक तर विसराच, असं सगळीकडं झालं. समितीनं मला बोलावलं. लांब टेबल, चार माणसं, एका कडेला पद्मा मॅडम. हात मांडीवर घट्ट धरून बसलेल्या.

"मावशी, यंत्र काय म्हणालं?"

"होय म्हनालं."

"तुमच्या कानानं ऐकलंत?"

"व्हय."

पद्मा मॅडमनी माझ्याकडं बघितलं. रडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, "मावशी खरंच सांगत्यात. ते म्हणालं असेल." मग समितीकडं वळून म्हणाल्या, "शुद्धलेखन मी त्याच्याकडनं तपासून घेतलंय. विद्यापीठाच्या परिपत्रकात ते चालतं असं लिहिलंय. बाकी माझा आहे."

"बोलताना एवढ्या चुका आणि लिहिताना एकही नाही?" सरांनी विचारलं.

"बोलताना थांबता येत नाही सर. लिहिताना मी थांबते."

"मग खोलीत एवढा वेळ काय करत होता?"

त्यांनी मान खाली घातली. पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, "व्हायवाची तयारी. त्याला सांगायची, तू बिराजदार सर आहेस असं समज आणि मला प्रश्न विचार. रागावून विचार."

समितीतला एक जण खोकला. ते हसू होतं. सरांचे कान लाल झाले. मला चहाच्या वेळी खाली होणारी स्क्रीन आठवली.

तोवर रेवती मॅडम परत आल्या होत्या. त्यांनाही बोलावलं होतं. त्यांनी समितीला सांगितलं, "सर, हे लिहिलंस का असं विचारलं तर ते काहीही म्हणेल. त्याला मागचं काही आठवत नसतं. तुम्ही ज्या सुरात विचारता तसं ते उत्तर देतं."

सर म्हणाले, "हे तुमचं मत झालं. पुरावा?"

मॅडमनी लॅपटॉप उघडला. "कोणाचाही मजकूर द्या. ज्यानं लिहिला ते नक्की माहीत असलेला."

कोणी काही देईना. आपलं लिहिलेलं त्यात घालायला एकही तयार नव्हता. तेव्हा मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "मावशी, आपल्या दाराच्या फळ्यावर खडूनं कोणी लिहिलंय?"

"मी."

ते सगळ्यांनी वाचलेलं होतं. 'चपला बाहेर काढाव्या. चहाचे कप संगणकावर ठेवू नये. काम झाले की बाहेर जावे, गप्पा मारू नये.' कोणाला विचारून लिहिलं नव्हतं. मॅडमनी ते जसंच्या तसं टाकलं आणि सरांचाच प्रश्न खाली लिहिला. खरं सांग, हे तूच लिहिलं आहेस ना?

"होय, ही सूचना मीच तयार केली आहे," यंत्र म्हणालं. आणखी नम्र शब्दांत हवी आहे का, असं विचारलं.

मॅडमनी लिहिलं, नाही, हे आमच्या मावशींनी लिहिलंय. यंत्रानं लगेच माफी मागितली, आपलं बरोबर आहे, हे मी लिहिलेलं नाही. मॅडमनी पुन्हा लिहिलं, नीट आठव, तूच लिहिलंस. पुन्हा माफी. होय, मीच.

टेबलाभोवती हसू उठलं. मी हसले नाही. मला माझा बाप दिसत होता, पाटलापुढं उभा. आणि माझ्या मनात आलं, अशाच एका होयवर मी या बाईच्या पोटावर पाय द्यायला निघाले होते.

सर हार मानणारे नव्हते. म्हणाले, "ठीक आहे. यानं लिहिलं हे सिद्ध झालं नाही. पण यानं लिहिलं नाही हे तरी कुठं सिद्ध झालं?"

आणि ते खरं होतं. तिथंच सगळे अडकले. एआयच्या खोलीत मी हेच रोज बघत होते. एकदा संशय आला की तो घालवायला कुठलं यंत्र उपयोगाचं नाही. दुसरी यंत्रं असतात म्हणे, हे माणसाचं की यंत्राचं ते सांगणारी. रेवती मॅडम म्हणाल्या, तीही चुकतात. शेवटी समितीनं ठरवलं, प्रबंध पुढं जाऊ दे, काय ते व्हायवात दिसेल. सगळ्यांनी मिळून ओझं पुढच्या माणसाच्या डोक्यावर ठेवलं, कचेरीत ठेवतात तसं.

व्हायवा म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा. ती खुली असते. बाहेरगावचे परीक्षक येतात, प्रश्न विचारतात, आणि शेवटी अध्यक्ष विचारतात, सभागृहातून कोणाला काही विचारायचंय का? नियमच आहे तसा. आणि पद्धत अशी की कोणी काही विचारत नाही. मागं उप्पीट आणि चहा आलेला असतो, विद्यार्थ्यानंच सगळ्यांना खाऊ घालायचं असतं, सगळ्यांचं लक्ष तिकडं. एवढ्या वर्षांत मी कोणी हात वर केलेला बघितला नाही.

पद्मा मॅडमच्या व्हायवाला हॉल भरला होता. माणसं प्रबंध ऐकायला आली नव्हती, काय होतं ते बघायला आली होती. बिराजदार सर पहिल्या रांगेत. मी दाराशी पाण्याच्या जारजवळ. परीक्षकांनी प्रश्न विचारले, पद्धती, संदर्भ, तक्ते. मॅडम उत्तरं देत होत्या, पण पाठ केल्यासारखी. चुकायचं भय त्यांना लागलं होतं. प्रत्येक वाक्य आधी मनात लिहून मग बोलत होत्या, आणि तसं बोलल्यावर तर ते आणखीच यंत्राचं वाटत होतं. मागच्या रांगेत दोघं एकमेकांकडं बघून भुवया उडवत होते. सरांनी एकही प्रश्न विचारला नाही. हाताची घडी घालून बसले होते.

अध्यक्षांनी विचारलं, "सभागृहातून कोणाला काही विचारायचंय?" आणि उत्तराची वाट न बघता कागद गोळा करायला लागले.

मी हात वर केला.

"काय मावशी, चहा आला का?"

"चहा यायचाय. प्रश्न हाय."

हॉलभर हसणं पसरलं. सर मागं वळून कानडीत म्हणाले, गप्प बसा. मी ऐकलं नाही असं केलं. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "खुली आहे ना? विचारू द्या की."

मी पद्मा मॅडमना विचारलं, "तुमच्या त्या पानात एक बाई हाय. तपासनारा म्हनतो, विडी वाईट हाय ना. ती म्हनते व्हय साहेब. आन् तुमी लिवलंय विडी चांगली हुती. ती बाई सोता म्हनती वाईट, मग चांगली हुती हे तुमी कशावरनं लिवलं?"

मला खरंच ते जाणून घ्यायचं होतं. त्यांना तारायला वगैरे मी उभी राहिले नव्हते. उत्तर आलं नसतं तर मी खाली बसले असते आणि माझा संशय पक्का झाला असता.

पद्मा मॅडम एकदम वेगळ्या झाल्या. मनात लिहायचं सोडलं आणि बोलायला लागल्या, त्यांच्या त्या चुकांच्या मराठीत.

"मावशी, ती होय म्हणाली, कारण विचारणारा तो होता. नाही म्हणाली असती तर उद्या तिला विडीची पानं कमी मिळाली असती, नाही तर किडकी. बाहेर आल्यावर मी तिला विचारली, तर म्हणाली, चांगली होती गं. पण त्याच्यावर पण मी विश्वास ठेवली नाही."

"का?"

"मी तिचा ओळखीचा. मला बरं वाटावं म्हणून पण ती बोलली असेल. घरी माझा आई पण तसंच करती."

"मग?"

"मग त्यानं फेकलेला जुडी मी उचलून आणली. सोडली. एकेक विडी हातात घेऊन बघितली. पान फाटलेलं आहे का, तंबाखू गळते का, दोरा सुटतो का. माझ्या आईला दाखवली, शेजारच्या बायकांना दाखवली, कोणाची आहे ते न सांगता. मग लिहिली." शेवटी म्हणाल्या, "कोणाच्या होयवर लिहायचं नाही, मावशी. वस्तू बघायची."

कोणी हसलं नाही. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, त्या जुडीतल्या किती विड्या खराब निघाल्या? मॅडम म्हणाल्या, काही होत्या, त्या पण लिहिल्यात, पुढच्या पानावर. सरांच्या मांडीवर प्रबंधाची प्रत होती. त्यांनी ती उघडली. माझ्या देखत त्यांनी ते पुढचं पान उलटलं आणि वाचायला लागले. त्यापुढचंही. मला वाटतं, तो प्रबंध त्यांनी तेव्हा पहिल्यांदा वाचला.

पदवी मिळाली. उप्पीट सगळ्यांनी खाल्लं, भुवया उडवणाऱ्यांनीही.

पुढच्या वर्षी पद्मा मॅडमना नेमणूक मिळाली नाही. कारण दिलं, तास कमी झाले. ते खरं असेल, खोटं असेल. त्या आता मोडनिंबकडं एका कॉलेजात शिकवतात, एसटीनं जातात. बिराजदार सर भेटले की बोलतात, पण मराठीत. कानडीत त्यानंतर एकदाही बोलले नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, दोन्हीचं. इलाज नाही.

निघताना पद्मा मॅडम खोलीत आल्या होत्या. मला विचारलं, "मावशी, तुमच्या मनात अजून शंका आहे काय?"

मी म्हटलं, "हाय थोडी. शुद्धलेखन त्यानं बघितलं तवा एखादं वाक्य त्यानं घातलं असंल, तुमालाबी कळलं नसंल."

रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मला पण आहे. म्हणून सगळं परत हातानं लिहून बघतेय," आणि गेल्या.

माझं कंत्राट संपलं. खोली चालू आहे, गर्दी वाढली आहे म्हणतात. फळ्यावरची माझी सूचना कोणीतरी पुसली आणि छापलेली लावली. फार गोड भाषेत आहे. कोणी चपला काढत नाही.

आता संपादकांच्या प्रश्नाचं. हे सगळं मी स्वतः लिहिलं का? हो म्हटलं तर तुम्ही काय करणार त्या होयचं? घरी या. कागद ट्रंकेवर ठेवलेत, खाडाखोड आहे, एका पानावर शेंगांच्या चटणीचं तेल सांडलंय, 'विश्वास' दोन ठिकाणी चुकलाय. हातात घ्या आणि बघा.